उजवीकडून ‘तीन इस्पिक’ येतं तेव्हा

रविवारी, १ डिसेंबर २०२४ला संध्याकाळी सव्वासातला, आमची पहिली दोन दिवसांची ब्रिज स्पर्धा संपली. भिडू माझी आत्या, वय ७२. मी ४६ वर्षांचा. ब्रिज शिकायला पानं पहिल्यांदा हातात घेतली ती जुलै २०२३मध्ये, म्हणजे या सगळ्याला सतरा महिने झाले. या काळात मला सर्वांत जास्त छळलं ते एकाच गोष्टीने. भिडूने नीट, शांतपणे बोली सुरू करायची आणि उजव्या हाताच्या माणसाने एकदम तिसऱ्या पायरीवर उडी मारून पुढची वाटच बंद करायची. माझ्याबरोबर शिकायला लागलेल्या दोघांनी याच टप्प्यावर खेळ सोडला. मीही सोडणार होतो. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

आत्या दादरला हिंदू कॉलनीत राहते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३४ वर्षं नोकरी केली आणि तिथल्याच मैत्रिणींकडून ब्रिज शिकली. बावीस वर्षं तिच्याबरोबर खेळणारी भिडू मे २०२३मध्ये मुलीकडे बंगळूरला कायमची राहायला गेली. महिनाभर आत्या क्लबात गेलीच नाही. मग एके दिवशी मला फोन. “अरे, तुला मेंढीकोट चांगलं येतं ना? शनिवारी चारला ये.” मी मुलुंडला राहतो. धीमी लोकल पकडून चाळीसेक मिनिटांत दादर. ८ जुलैपासून जवळपास प्रत्येक शनिवारी गेलो. पावसाने गाड्या रखडल्या तेव्हाचे दोन शनिवार तेवढे बुडाले.

घरी आईला हे पटत नव्हतं. पत्ते म्हणजे जुगार, असं तिच्या माहेरी मानत. मी वाद घातला नाही, पण तिच्यासाठी शोधाशोध केली. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला, तेव्हा रमीतल्या नशिबाची तुलना त्यांनी ब्रिजच्या वाटपातल्या नशिबाशी केली होती. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. मी शिकत असतानाच, ऑक्टोबर २०२३मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने रौप्यपदक जिंकलं. त्या दिवशी आईने स्वतःहून विचारलं, “आत्याकडे शनिवारी जातोस ना? तिच्यासाठी लाडू ने.”

मूलभूत गोष्टी लवकर जमल्या. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, असे सगळ्या पत्त्यांत मिळून ४० पॉइंट. उतारी, हुकूम, हात मोजणं, भिडूला पान दाखवणं हे मेंढीकोट खेळलेल्याला परकं वाटत नाही. अवघड असते ती बोली. सात पायऱ्या (पायरी म्हणजे सहाच्या वर आणखी किती हात घेणार) आणि प्रत्येक पायरीवर पाच, म्हणजे किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प, म्हणजे हुकूम नसलेला डाव. एकूण ३५ बोल्या. एवढ्याच भांडवलावर दोन भिडूंनी एकमेकांना सांगायचं की माझ्याकडे कोणती सूट, म्हणजे चार रंगांपैकी कोणता रंग, लांब आहे, माझी ताकद किती, आपण गेमपर्यंत, म्हणजे मोठा बोनस मिळेल एवढ्या बोलीपर्यंत, जायचं की खालीच थांबायचं. आत्या म्हणायची, “ही पस्तीस वाक्यं आहेत. खालची स्वस्त, वरची महाग. स्वस्त वाक्यांत जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घ्यायचं.”

आणि समोरचे नेमकी तीच स्वस्त वाक्यं हिसकावून घेतात. भिडूने ‘एक चौकट’ म्हटलं आणि उजवीकडून ‘तीन इस्पिक’ आलं, तर मधल्या अकरा बोल्या एका झटक्यात जातात. बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा इस्पिकची सात पानं असतात आणि बाकी हात रिकामा. त्याचा हिशोब असा की डबल होऊन, म्हणजे आम्ही दंड वाढवून, दोन-तीन हात कमी पडले तरी आमचा गेम होण्यापेक्षा ते स्वस्त. याला प्रीएम्प्ट म्हणतात. पुस्तकात वाचताना ही चाल मला फार सुंदर वाटली होती.

९ जानेवारी २०२४ला पहिल्यांदा क्लबात गेलो. मध्य मुंबईतला जुना जिमखाना, पहिल्या मजल्यावर ब्रिजची खोली, लिफ्ट नाही. सभासद नसलेल्यांसाठी पाहुण्यांच्या वहीत नाव, पत्ता, फोन आणि सोबतच्या सभासदाची सही लागते. टेबलाचे पैसे दर खेपेला १५० रुपये, पाहुणा म्हणून वर ५०. कॉलरचा शर्ट आणि बंद बूट हवेत. पहिल्या दिवशी मी सँडल घालून गेलो आणि दारावरून परतलो. दादर टीटीजवळून ४५० रुपयांचे कॅनव्हासचे बूट घेऊन पुन्हा आलो, तोपर्यंत आत्या खाली बाकावर बसून होती. नव्याने जाणाऱ्यांनी आधी फोन करून एवढं विचारून घ्यावं. अर्धा तास वाचतो आणि मन शांत राहतं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी. पाच नंबरचा बोर्ड, म्हणजे आधीच वाटलेला आणि सगळ्या टेबलांवर तसाच फिरणारा डाव. आम्ही उत्तर-दक्षिण, आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे आमचे बोनस आणि दंड दोन्ही मोठे; ते नाहीत. प्रीएम्प्ट करणाऱ्याला याहून चांगली परिस्थिती नसते, कारण त्याचं नुकसान स्वस्त असतं आणि आमचा बुडालेला गेम महाग. माझ्याकडे इस्पिकची अठ्ठी-चौकी, बदामचे एक्का, राणी, सत्ती, तिर्री, चौकटचे राजा, छक्की, दुर्री आणि किलवरचे राणी, दश्शी, पंजी, तिर्री. अकरा पॉइंट. आत्याने ‘एक चौकट’ची बोली टाकली. बोली तोंडाने नाही, पेटीतली कार्डं टेबलावर ठेवून करतात. उजवीकडच्या गृहस्थांनी उडी मारणार असल्याची सूचना देणारं ‘स्टॉप’चं लाल कार्ड ठेवलं आणि ‘तीन इस्पिक’.

आमच्या क्लबात स्टॉप कार्ड ठेवलं की पुढच्याने दहाएक सेकंद थांबायचं असतं. ते दहा गेले. मग आणखी वीस गेले. चार बदाम म्हणावं तर बदामची चारच पानं. तीन नो ट्रम्प म्हणावं तर इस्पिक अडवायला काही नाही. चार चौकट म्हणावं तर तीन पानांची साथ. पास म्हणावं तर अकरा पॉइंट वाया. माझा हात बोलीच्या पेटीकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. शेवटी मिनिटभराने मी हिरवं पासचं कार्ड काढलं. डावीकडून पास. आता आत्याची पाळी. तिने फार वेळ घेतला नाही. तिनेही पास केलं.

समोरचे एक हात कमी पडले. आम्हाला ५०. पानं उघडी झाल्यावर दिसलं की आत्याकडे तेरा पॉइंट, बदामचे राजा, गुलाम, अठ्ठी, दुर्री आणि चौकटची पाच पानं एक्का-राणीसकट. चार बदाम सरळ होत होते. इस्पिकचे दोन हात आणि किलवरचा एक्का एवढंच जाणार होतं. आठ टेबलांपैकी पाच जोड्यांनी ६२० घेतले.

मला वाटलं ती रागावेल. जिना उतरताना, एकेका पायरीवर थांबत, ती म्हणाली, “मला डबल म्हणावंसं वाटत होतं. पण तू मिनिटभर विचार केलास ना, त्यातून मला कळलं की तुझ्याकडे काहीतरी आहे. ते मला टेबलावरच्या बोलीतून कळायला हवं होतं. तुझ्या घुटमळण्यातून कळलेलं मी वापरायचं नाही.” ब्रिजच्या २०१७च्या नियमावलीतला सोळावा नियम हाच आहे. भिडूचा उशीर, उसासा, चेहरा यांतून मिळालेल्या माहितीवर बोली करता येत नाही. तिच्या पानांवर डबलही चाललं असतं, पासही चाललं असतं. अशा वेळी भिडूच्या घुटमळण्याने जे सुचवलं ते सोडून दुसरं निवडायचं असतं. आजूबाजूच्या कुणाला हे कळलंही नसतं आणि ६२० तिच्या हाताशी होते. माझ्या एका मिनिटाने मी माझ्या भिडूचं तोंड बंद केलं होतं, ही गोष्ट मला रात्रभर लागून राहिली. मुलुंडला उतरेपर्यंत मी मनात तेच पाच नंबरचं बोर्ड खेळत होतो.

पुढचे दोन मंगळवार मी कामाचं कारण सांगून गेलो नाही. तिसऱ्या मंगळवारी आत्याचा फोन आला नाही, पण शनिवारी पोह्यांचा निरोप आला. गेलो. तिने टेबलावर जुनी निळी वही ठेवली होती. म्हणाली, “तुझं चुकलं ते बोलीत नाही. आपण दोघांनी काही ठरवलंच नव्हतं, ते चुकलं. आज ठरवू.”

ती ज्याला ‘स्पुटनिक’ म्हणते ते क्लबात सगळे निगेटिव्ह डबल म्हणतात. १९५७मध्ये अमेरिकेतल्या अल्विन रॉथ यांनी ही पद्धत पुढे आणली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रशियाचा पहिला उपग्रह आकाशात गेला होता, त्याच स्पुटनिकवरून हे नाव पडलं. आत्याला शिकवणाऱ्या बायकांनी तेच नाव वापरलं आणि तिने ते सोडलं नाही. अर्थ असा की भिडूने बोली सुरू केली, समोरच्याने मध्ये सूट बोलली आणि मी डबल म्हटलं, तर ‘यांना मार’ असं मी सांगत नसतो. न बोलल्या गेलेल्या सुटी माझ्याकडे आहेत, विशेषतः उरलेली मोठी सूट (मोठ्या म्हणजे बदाम आणि इस्पिक), आणि तू निवड, असं मी सांगत असतो. १३ फेब्रुवारीला माझ्या हातात नेमकं हेच होतं. बदामची चार पानं, अकरा पॉइंट. डबल म्हटलं असतं तर आत्याने डोळे मिटून चार बदाम म्हटले असते.

पायरी चढत जाते तशी ताकद जास्त लागते, हे मला उशिरा उमगलं. समोरच्यांनी पहिल्या पायरीवर मध्ये घातलेल्या बोलीनंतर सहा-सात पॉइंटवरही असं डबल चालतं, कारण भिडूला खालीच थांबता येतं. तीन इस्पिकनंतर तेच डबल केलं तर भिडूला चौथ्या पायरीवर जावं लागतं किंवा तीन नो ट्रम्प म्हणावं लागतं. तिथे दहाच्या खाली मी डबल करत नाही. सगळी ताकद समोरच्यांच्या सुटीत अडकलेली असेल तर दहा असूनही विचार करतो.

त्या शनिवारी आम्ही वहीत आणखी काही गोष्टी लिहिल्या. तिसऱ्या पायरीवर नवी सूट बोलली तर पाच पानं तरी हवीत, दहा-अकराच्या वर पॉइंट हवेत आणि भिडूने पास करायचं नाही. भिडूची सूट नुसती वर नेली, म्हणजे ‘एक बदाम’, ‘तीन चौकट’ आणि मग ‘तीन बदाम’, तर ती फक्त साथ. गेमचं आमंत्रण त्यात नाही, कारण जागाच उरलेली नाही. खरोखर चांगली साथ असेल तर समोरच्यांचीच सूट बोलायची, ‘चार चौकट’. पहिल्यांदा हे ऐकून मला धास्ती वाटली होती; भिडूने चुकून पास केलं तर? “मी करणार नाही,” एवढंच आत्या म्हणाली. आणि त्यानंतर एकदाही तिने केलं नाही.

तीन नो ट्रम्पबद्दल आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. प्रीएम्प्टनंतर हा गेम फार वेळा बरोबर असतो आणि नवशिके त्याला भितात. वहीत उदाहरण आहे. ‘एक किलवर’, उजवीकडून ‘तीन बदाम’, आणि माझ्याकडे बदामचे राजा, दश्शी, चौकी, बाकी तीन सुटींत थोडं थोडं, एकूण बारा पॉइंट. तीन बदाम बोलणारा माझ्या उजवीकडे आहे, म्हणजे पहिल्या हातात तो आधी पान टाकतो आणि मी त्याच्यानंतर. राजा माझ्याकडे आहे तोवर बदामचा एक हात माझाच. तोच राजा आत्याच्या पानांत असता, तर तो टेबलावर उघडा पडला असता आणि एक्का-राणी घेऊन तिच्या मागे बसलेल्या माणसाने तो मारला असता. पॉइंट तेवढेच, जागेमुळे किंमत वेगळी. हे कळल्यावर मी तीन नो ट्रम्प म्हणायला घाबरणं सोडलं.

मग सराव. नुसती पानं पिसून वाटली तर प्रीएम्प्ट क्वचित येतो. तासभर बसलो तर एखादा. आत्याने यावर सोपा उपाय काढला होता आणि नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगतो. इस्पिकची सात पानं, राजा-राणी-गुलामासकट, आधीच बाजूला काढायची. उरलेली ४५ पिसायची. सहा पानं त्या सात पानांच्या ढिगावर आणि बाकी तिघांना तेरा-तेरा. समोरच्या भिडूकडे बोली सुरू करण्याइतकी पानं आली नाहीत तर पुन्हा पिसायचं. मार्च ते जून आम्ही असे दोनशेच्या वर डाव वाटले. प्रत्येक डावात मी माझी बोली आधी कागदावर लिहायचो, मग चारही हात उघडायचो. शेजारच्या दुकानातून पानांचे चार जोड घेतले, २४० रुपये. जुन्या बोलीच्या पेट्या एका काकांनी १,२०० रुपयांना दिल्या. रात्री जेवणानंतर बीबीओवर, म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर, अर्धा तास, फुकट, यंत्रमानवांबरोबर.

वाटलेल्या डावांमधून एक गोष्ट डोळ्यांसमोर आली जी वाचून कळली नव्हती. एका हातात एका सुटीची सात पानं असली की बाकीच्या सुटीही वाकड्या पडतात. हुकमाची पानं समोरच्यांकडे तीन-दोन अशी वाटली जातील हे गृहीत धरायचं नाही, चार-एकची तयारी ठेवायची. त्यामुळे सीमेवरच्या पानांनी मोठ्या स्लॅमच्या, म्हणजे जवळजवळ सगळेच हात जिंकायच्या बोलीच्या, मागे लागायचं मी सोडलं. नेमका सर्वोत्तम कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे शेवटी ठरणारी बोली, सापडलाच पाहिजे हा हट्टही तिथेच गळाला. समोरच्याने अकरा बोल्या खाल्ल्या आहेत. उरलेल्या जागेत जे बरं आहे ते घ्यायचं, आणि भिडूकडे थोडी चांगली पानं आहेत असं धरायचं, फार चांगली आहेत असं नाही.

सर्वांत कठीण गेला तो पास. उजवीकडच्याने चौकट बोलली आणि माझ्याकडे चौकटचीच एक्का-गुलाम-नव्वीसह चार पानं, तर मला दंडासाठी डबल करायचं असतं. पण माझं डबल आता स्पुटनिक आहे. म्हणून दहा सेकंद थांबायचं, एरवी बसतो तसंच बसायचं आणि पास म्हणायचं. डावीकडून पास आला की भिडूने, तिच्याकडे चौकटची पानं कमी असतील तर, डबल म्हणून दार पुन्हा उघडायचं. मग मी पास, आणि तेच दंडाचं डबल होतं. हे चालतं ते भिडूवर विश्वास असेल तरच. दार उघडायचं काम तिचं आहे आणि ती ते करेल, हे धरून अकरा पॉइंट हातात ठेवून गप्प बसायला मला चार महिने लागले.

सप्टेंबरमध्ये स्पर्धेचं पत्रक आलं. दोन दिवस, पेअर्स (जोड्यांची स्पर्धा), प्रवेश फी जोडीला २,५०० रुपये. फॉर्मवर दोघांची नावं, वयाचा पुरावा, फोन, सही. पैसे यूपीआयने भरायचे आणि पावतीचा क्रमांक फॉर्मवर हाताने लिहायचा. मी लिहायचा विसरलो म्हणून फॉर्म परत आला आणि एक शनिवार त्यात गेला. आत्याच्या गुडघ्यांसाठी वेगळा अर्ज करावा लागला. पेअर्सच्या मिचेल पद्धतीत उत्तर-दक्षिण जोड्या एकाच टेबलावर बसतात आणि पूर्व-पश्चिम जोड्या दर फेरीला पुढच्या टेबलावर जातात. वयस्कर किंवा दुखणं असलेल्या खेळाडूला बसून राहायची जागा मागता येते. डॉक्टरांची चिठ्ठी, दोन प्रती, टूर्नामेंट डायरेक्टरच्या नावाने. एक प्रत त्यांच्याकडे, दुसरीवर पोच घ्यायची. आम्ही २१ ऑक्टोबरला दिली, उत्तर १४ नोव्हेंबरला आलं. घरातल्या कुणाबरोबर खेळणार असाल तर हा अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या.

कन्व्हेन्शन कार्डही लागतं. आपण कोणत्या बोलीचा काय अर्थ ठरवलाय ते समोरच्यांना वाचता यावं, म्हणून छापील कार्डावर भरून ते टेबलावर ठेवायचं. ‘निगेटिव्ह डबल कुठपर्यंत’ हा रकाना भरताना आम्ही तासभर बोललो. आत्याला तीन इस्पिक पुरे वाटत होतं. चार बदामपर्यंत नेणाऱ्या पुष्कळ जोड्या आहेत. शेवटी तीन इस्पिक लिहिलं. त्यावरच्या डबलचा अर्थ, ‘माझ्याकडे पॉइंट आहेत, बहुतेक वेळा इथेच थांबून यांना मारू’. सहा झेरॉक्स, १२ रुपये.

शनिवार, ३० नोव्हेंबर. टॅक्सीने गेलो, आत्याने पोळी-भाजीचा डबा घेतला होता. अडतीस जोड्या. पहिल्या फेरीत माझ्या हाताला घाम येत होता आणि पानं लावताना चौकट-बदाम एकमेकांत मिसळत होती. तो दिवस वाईट गेला, ४४ टक्के. एका बोर्डावर आत्याचं ‘एक किलवर’, उजवीकडून ‘तीन चौकट’. माझ्याकडे बदामची पाच पानं, बारा पॉइंट. ‘तीन बदाम’ म्हटलं, ती ‘चार बदाम’ गेली. हुकूम चार-एक पडले आणि एक हात कमी पडला. संध्याकाळी मी तिला विचारलं की मी काय बोलायला हवं होतं. “तेच,” ती म्हणाली. “आजही तेच, उद्याही तेच.” मला त्या रात्री झोप लागली.

रविवारी दुपारी नऊ नंबरचं बोर्ड आलं. आम्ही नॉन-व्हल्नरेबल, ते व्हल्नरेबल. आत्याचं ‘एक बदाम’. उजवीकडून लाल कार्ड, मग ‘तीन चौकट’. माझ्याकडे इस्पिकचे राजा, सत्ती, तिर्री, बदामची एकटी छक्की, चौकटचे एक्का, गुलाम, नव्वी, पंजी आणि किलवरची पाच पानं राणीसकट. मी मनात दहा मोजले. पास. डावीकडून पास. आत्याने पाने एकदा मिटली, उघडली आणि डबलचं लाल कार्ड ठेवलं. तिच्याकडे चौकटचं एकच पान होतं, पण हे मला नंतर कळलं. पास, आणि माझा पास. मी बदामची छक्की उतारी केली. ते दोन हात कमी पडले, आम्हाला ५००. गेम करणाऱ्या जोड्यांना ४२० मिळाले होते. आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, ती गुण टाकत होती. पण पुढच्या बोर्डाच्या कप्प्यांतून पानं काढताना तिने स्वतःच्या पानांऐवजी माझी पानं माझ्याकडे सरकवून दिली, जे ती कधी करत नाही.

दुसरा दिवस ५२ टक्क्यांवर गेला. दोन्ही मिळून ४८, अडतीसात तेविसावा क्रमांक. निकालाचा कागद भिंतीवर लागेपर्यंत पाऊण तास थांबलो. आत्याला खुर्ची मिळवून दिली, चहा आणला. एकूण खर्च मांडला तर सतरा महिन्यांत क्लबाचे टेबलाचे पैसे धरून साधारण पंधरा हजार, त्यात टॅक्सी धरलेली नाही.

टॅक्सीत तिने पर्समधून कन्व्हेन्शन कार्ड काढलं. खिडकीतून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात ते डोळ्यांजवळ धरलं आणि पेन्सिलीने ‘तीन इस्पिक’वर बारीक रेघ मारली. “सातव्या फेरीत त्या पोराने चार चौकट म्हटलं तेव्हा तुझ्याकडे बदामची पाच होती ना? स्पुटनिक असतं तर?” मी म्हटलं, विचार करून सांगतो. रकाना तसाच रिकामा आहे. मंगळवारी सातला तिच्या घरी जायचं आहे, पानांचे दोन जोड आणि यावेळी आधीच बाजूला काढायची चौकटची आठ पानं घेऊन.